पाकिटाची मागची बाजू : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी खाण्याच्या वस्तू, त्यातली रसायनं आणि त्यांची पाकिटं यावर एवढे प्रश्न आलेत की भाडेकरू आणि सोसायटीवाले पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नेहमीप्रमाणे नावं छापत नाही.

प्रश्न : मी घरी कैरीचं लोणचं, कोकम आगळ, मेतकूट करते. आधी ओळखीत द्यायचे, आता व्हॉट्सअ‍ॅपवर मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी येतात. जामच्या, कॉफीच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यातच लोणचं भरते. शेजारीण म्हणते लायसन नसलं तर पोलीस नेतील. खरंय का? लेबलवर काय काय लिहायचं असतं? आणि जर्मनीत भाचीला पाठवलं तर चालतं का? (एक गृहिणी, चिपळूण)

उत्तर : ताई, शेजारणीला सांगा पोलीस वगैरे कोणी येत नाही, पण कागद मात्र लागतो. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे आणि त्याच्या कलम ३१ मध्ये छोट्या उत्पादकाला लायसनमधून सूट दिलीय, फक्त सूट म्हणजे मोकळं रान नाही, रजिस्ट्रेशन करावंच लागतं. २०११ च्या नियमांनी यासाठी वर्षाला १२ लाखांच्या उलाढालीची हद्द घातली होती, अशा हद्दी सरकार मधूनमधून बदलतं, तेव्हा अर्ज भरताना फॉस्कॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर चालू आकडा बघून घ्या. अर्ज ऑनलाइनच आहे, फोटो आणि ओळखपत्र लागतं, फी वर्षाला शंभर रुपये ठरलेली होती. एजंट हजार-दोन हजार मागतात ते त्याच्या वरचे. नेट कॅफेतल्या पोराला वीस-पन्नास रुपये दिलेत तरी काम होतं.

मग तुम्हाला १४ आकडी नंबर मिळेल. हा नंबर वाचायला शिका, दुसऱ्याचा माल घेतानाही कामाला येतो. पहिला आकडा १ असला तर लायसन, २ असला तर रजिस्ट्रेशन. पुढचे दोन राज्याचे, महाराष्ट्राचे १५, आणि तिथे ०० असलं तर केंद्राचं लायसन. त्याच्या पुढचे दोन म्हणजे वर्ष. म्हणजे ११५१८ ने सुरू होणारा नंबर असला की समजायचं महाराष्ट्राने २०१८ मध्ये दिलेलं लायसन. 'आमच्या घरच्या चुलीवरचं' म्हणून विकणाऱ्याच्या बाटलीवर ००वाला नंबर दिसला तर चूल बरीच मोठी असणार!

बाटल्यांचं म्हणाल तर २०१८ चे पॅकेजिंगचे नियम काचेची बाटली परत वापरायला नाही म्हणत नाहीत, पण ती टिकाऊ हवी आणि नीट धुता, निर्जंतुक करता यायला हवी. गोची झाकणाची असते. जामच्या झाकणाच्या आतला रबरासारखा थर एकदा वास धरला की सोडत नाही आणि लोणच्याच्या मिठाने पत्रा गंजतो, म्हणून बाटली जुनी असली तरी झाकण नवीन घ्या, घाऊक बाजारात सुटी मिळतात. तेलाचा पत्र्याचा डबा मात्र चुकूनही नाही, एकदा वापरलेला पत्र्याचा डबा परत खाद्यपदार्थ भरायला वापरायचा नाही हे नियमात स्पष्ट आहे, आणि आपल्याकडे तर गावोगावी त्याच डब्यातून चिवडा, फरसाण, पापड जातात.

लेबलवर पदार्थाचं नाव, घटक (जे वजनाने जास्त ते आधी, म्हणजे लोणच्यात कैरी पहिली आली पाहिजे, तेल पहिलं येत असेल तर विचार करा), हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा (म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) लोगो आणि नंबर, तुमचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सगळे कर धरून एमआरपी, बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, शिवाय तक्रारीसाठी फोन. शेवटची तारीख आता सक्तीची आहे, नुसतं 'बेस्ट बिफोर' लिहून भागत नाही, ते हवं तर जास्तीचं म्हणून टाकता येतं. पोषणमूल्याच्या तक्त्यात कुठल्या छोट्या उत्पादकाला काय सूट आहे ते रजिस्ट्रेशन करतानाच विचारून घ्या, कारण त्यात बारकावे आहेत.

आता दोन गोष्टी ज्या सगळ्या घरगुती उद्योगवाल्या बायका लिहितात. 'होममेड'. जाहिरात आणि दाव्यांच्या २०१८ च्या नियमांत म्हटलंय की असे शब्द गिऱ्हाइकाची फसगत होईल असे वापरायचे नाहीत, तुमचं खरंच घरचं आहे तर हरकत नसावी, पण उद्या गाळा घेऊन चार बायका कामाला ठेवल्यात की तो शब्द काढा. दुसरं 'नो प्रिझर्व्हेटिव्ह'. गंमत अशी की २०११ च्या नियमांनी मीठ, साखर, व्हिनेगर, खायचं तेल यांनाच पहिल्या वर्गातले प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून टाकलंय. म्हणजे लोणचं प्रिझर्व्हेटिव्हशिवाय होतच नाही! सोडियम बेन्झोएट, म्हणजे २११ नंबरवालं, घातलेलं नसेल तर सरळ 'सोडियम बेन्झोएट घातलेलं नाही' असं लिहा, खरं आणि पुराव्याला टिकणारं.

भाचीला भेट म्हणून एखादी बाटली पाठवणं वेगळं आणि तिकडे विकणं वेगळं, विकायला निर्यातीचे सगळे कागद आले. तिकडे विकाल तेव्हा एक लक्षात ठेवा की युरोपात मोहरी ही अ‍ॅलर्जीच्या यादीत आहे, ती लेबलवर ठळक दाखवावी लागते. आपल्या यादीत शेंगदाणा, दूध, सोया, गहू वगैरे आहेत, मोहरी नाही.

प्रश्न : आमच्या कॉलेजबाहेरचा वडापाववाला अजून पेपरात बांधून देतो आणि चटणी काळ्या पिशवीत. त्याला बोललो तर म्हणतो 'तीस वर्षं खातायत लोक, कोण मेलं का?' त्याला काय उत्तर देऊ? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : मेलं का हा प्रश्नच चुकीचा आहे रे, शाईतलं शिसं आणि बाकीची द्रव्यं काही वडा खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस पाडत नाहीत, ती साठत जातात. पेपरची शाई खाण्यासाठी बनवलेली नसते. वडा गरम, वर तेल, आणि तेलात शाई सुटते हे कोणीही बघू शकतं, वडा उचलल्यावर पेपरवर जो पारदर्शक डाग पडतो त्याच्या कडेला अक्षरं पुसट झालेली असतात, ती गेली कुठे? एफएसएसएआयने २०१६ मध्येच याबद्दल सूचना काढली होती आणि २०१८ च्या नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ ठेवायला, गुंडाळायला सरळ बंदी घातली. खाण्याच्या पाकिटावर छापायच्या शाईचा भारतीय मानकच वेगळा आहे, आयएस १५४९५, आणि तीसुद्धा बाहेरच्या बाजूला, अन्नाला लागेल अशी नाही.

काळी पिशवी तर त्याहून वाईट. प्लॅस्टिक काळंच का करतात, तर आत कुठला कुठला भंगार माल वितळवलाय तो रंग लपवायला. २०१८ च्या नियमांत पुनर्वापराच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून अन्न द्यायला मनाई होती, पुढे दुरुस्ती होऊन दारं थोडी उघडली ती ठराविक दर्जाच्या आणि मान्यता घेतलेल्या मालासाठी, मंडईतल्या काळ्या पिशवीसाठी नाही. आणि महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासून तशाही या पिशव्यांवर बंदी आहे, पहिल्यांदा सापडला तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांची कैद. कागदावर हं. प्रत्यक्षात पालिकेची गाडी आली की पिशव्या हातगाडीखाली आणि गाडी गेली की परत वर, हे तूही बघितलं असशील.

तुझ्या वडापाववाल्याशी कायद्याच्या भाषेत भांडू नकोस, त्याचं पोट त्यावर आहे. कोरा बटर पेपर किलोवर मिळतो, दहा जणांनी मिळून मागितला की तो आणतो. चटणी पावातच लावून घे, नाहीतर डबा ने.

प्रश्न : पेटीवर 'देवगड हापूस' लिहिलेलं होतं, आंबे एकदम पिवळेधमक, कापले तर आत आंबट आणि पांढरट, पेटीच्या तळाशी कागदाच्या छोट्या पुड्या निघाल्या. दुकानदार म्हणतो 'ही सरकारमान्य पावडर आहे'. असं काही असतं का? पाण्यात बुडवून कार्बाइडचा आंबा ओळखता येतो असं मेसेजमध्ये आलंय. (एक निवृत्त शिक्षक, ठाणे)

उत्तर : सर, तुमचा दुकानदार अर्धं खरं बोलतोय आणि ते अर्धंच धोकादायक आहे.

आंबा पिकतो तो इथिलीन वायूने, हा वायू फळ स्वतःच सोडतं, आपली आजी आढीत गवत घालून तोच कोंडून ठेवायची. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की त्यातून असिटिलीन निघतो, तो इथिलीनची नक्कल करतो, पण बाजारू कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, शिवाय ते फळाची साल पिवळी करतं आणि आतला गर तसाच ठेवतं, तुम्हाला जे दिसलं तेच. २०११ च्या नियमांत कार्बाइड वायूने पिकवलेलं फळ विकायला आणि विक्रीसाठी जागेत ठेवायलाही बंदी आहे. २०२५ च्या मे महिन्यात एफएसएसएआयने राज्यांना परत कडक पत्र पाठवलं, त्यात म्हटलंय की फळांच्या क्रेटजवळ किंवा गोदामात कार्बाइड सापडलं तरी ते व्यापाऱ्याविरुद्धचा परिस्थितीजन्य पुरावा धरायचा.

सरकारमान्य आहे तो इथिलीन वायू, तोही हवेत १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग), बंद चेंबरमध्ये, तापमान आणि आर्द्रता सांभाळून. इथेफॉन नावाच्या रसायनापासून हा वायू तयार करायची मुभा आहे, आणि त्याच्या छोट्या पुड्याही बाजारात मिळतात, म्हणून दुकानदाराला तोंड मिळतं. पण इथेफॉन फळाला लागता कामा नये, त्यात फळं बुचकळून काढायची तर नाहीच नाही, केळीवाले हे सर्रास करतात आणि त्याच मे २०२५ च्या पत्रात त्याला स्पष्ट नाही म्हटलंय. तेव्हा पुडी कशाची होती हे महत्त्वाचं. करडे खडे किंवा राखाडी पूड, ओली झाली की लसणासारखा उग्र वास, तर कार्बाइडची शंका घ्या, हात लावू नका, तशीच बंद पिशवीत टाका आणि पेटीसकट जपून ठेवा. वास घ्यायला मुद्दाम पाणी टाकू नका, असिटिलीन पेट घेतो, वेल्डिंगवाले तोच वापरतात.

पाण्यात तरंगण्या-बुडण्यावर आंबा किती भरलाय ते कळतं, कशाने पिकवलाय ते नाही. तो मेसेज पुढे पाठवू नका. घरी खात्रीने सांगणारी परीक्षा नाहीये, त्यातल्या त्यात सगळी पेटी एकाच पिवळ्या रंगाची असणं आणि देठाजवळ वास नसणं याने सावध व्हावं.

राहिलं 'देवगड'. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव ठराविक भागातल्याच मालाला लावायचा हक्क, मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना. बाहेरच्या राज्यातला आंबा तसाच दिसतो, स्वस्त असतो आणि सीझनला तो देवगडच्या छापील पेटीत शिरतो हे उघड गुपित आहे. विक्रेत्याकडे बागायतदाराचा मानांकनाचा नोंदणी नंबर मागा. 'आमच्या मामाची बाग आहे' हा नंबर नव्हे.

प्रश्न : नातवाला जुलाब लागले, मेडिकलवाल्याने सफरचंदाच्या चवीचा ओआरएसचा टेट्रापॅक दिला, डॉक्टर ओरडले. मग ते विकतात कसे? (एक आजोबा, लातूर)

उत्तर : विकत होते असं म्हणू या. ओआरएस म्हणजे जुलाबात द्यायचं क्षार-साखरेचं पाणी, जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओच्या) सूत्राप्रमाणे त्यात एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून २०.५ ग्रॅम. हे औषध आहे. तुमच्या टेट्रापॅकमधलं पेय मात्र औषध नव्हे, कायद्याने ते साधं गोड पेय, त्यात साखर या सूत्राच्या कितीतरी पट आणि क्षार कमी, आणि जुलाबात जास्त साखर गेली की आतड्यात पाणी अजून ओढलं जातं, म्हणजे पोराचे जुलाब वाढतात. नावात मात्र ती तीन अक्षरं ठळक.

एफएसएसएआयने २०२२ च्या एप्रिलमध्ये हे रोखलं, मग जुलैमध्ये कंपन्यांना परवानगी दिली की नाव ठेवा पण बारीक अक्षरात लिहा की हे डब्ल्यूएचओच्या सूत्राचं ओआरएस नाही. आता मला सांगा, रात्री दोनला पोर रडतंय आणि ती ओळ कोण वाचणार? हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ-एक वर्षं याचा पाठपुरावा केला आणि शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये ती जुनी परवानगी मागे घेतली गेली, सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयाच्या नावात ओआरएस हा शब्द कसाही, पुढे-मागे काही जोडूनही वापरायचा नाही असा आदेश निघाला. कंपन्या कोर्टातही गेल्या.

तुमच्यापुरतं एवढंच की पावडरचं पाकीट घ्या, त्यावर घटकांत वरचे आकडे आणि डब्ल्यूएचओ सूत्राचा उल्लेख बघा, आणि पाकिटावर जेवढं पाणी सांगितलंय तेवढ्यातच अख्खं पाकीट टाका, काही पाकिटं लिटरची असतात काही २०० मिलीची. अर्धं आज अर्धं उद्या असं करू नका. केलेलं पाणी चोवीस तासांनी ओता.

प्रश्न : दहा रुपयाचा बिस्किटाचा पुडा दहाचाच राहतोय आणि आतली बिस्किटं कमी होत चाललीत की ओ. हे कायद्यात बसतं का? (एक किराणा दुकानदार, सोलापूर)

उत्तर : बसतं. आधी बिस्किट, चहा, तेल, पीठ अशा काही वस्तू ठरलेल्या वजनातच पॅक कराव्या लागायच्या, २०२२ पासून ती यादीच गेली, आता कंपनीने ८३ ग्रॅमचा पुडा काढला तरी कोणी विचारत नाही, वजन खरं छापलेलं असलं की झालं. त्या बदल्यात गिऱ्हाइकाला काय दिलं, तर युनिट सेल प्राइस, म्हणजे एका ग्रॅमला किती पैसे ते एमआरपीजवळ छापायचं. किलोच्या आतल्या पाकिटाला ग्रॅममागे, किलोच्या वर किलोमागे.

कल्पना चांगली, पण तुम्ही दुकानदार आहात, कॅल्क्युलेटर काढा आणि माझ्याबरोबर करून बघा. किंमत दहा रुपये, वजन ९५ ग्रॅम, भागाकार ०.१०५३. नियम सांगतो दोन दशांशांपर्यंत छापा, म्हणजे ०.११. आता वजन ८७ ग्रॅम करा, भागाकार ०.११४९, छापायचं परत ०.११. आठ ग्रॅम गायब झाले, एक-दोन बिस्किटं गेली, आणि युनिट प्राइस जिथल्या तिथे! दहा-वीसच्या पुड्यांवर, म्हणजे जिथे ही चलाखी सगळ्यात जास्त चालते तिथेच, हा आकडा आंधळा आहे. माझ्या मते छोट्या पाकिटांना शंभर ग्रॅममागे दर छापायला लावला तर एका फटक्यात दिसेल, ९५ ला १०.५३ आणि ८७ ला ११.४९. तोपर्यंत वजनच वाचावं लागणार. 'नवीन पॅक' असं लिहिलेलं दिसलं की आधी वजन बघायची सवय गिऱ्हाइकांना तुम्हीच लावा, तुमचाच विश्वास वाढेल.

प्रश्न : पाण्याच्या थंड बाटलीवर पाच रुपये 'कूलिंग' म्हणून जास्त घेतात. एका हॉटेलात तर वीसची बाटली साठला लावली. दोन्हीची तक्रार केली तर? (नागपूर)

उत्तर : पहिल्याची करा, दुसऱ्याची करून हाती काही लागणार नाही. दुकान, टपरी, स्टेशनवरचा स्टॉल, कोणीही एमआरपीच्या वर एक रुपया घेऊ शकत नाही, फ्रिजचं बिल हा त्याचा धंद्याचा खर्च. वैधमापन विभागाकडे (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) जा नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन, स्टेशनवर असाल तर रेल्वेचा १३९. बसून खायच्या हॉटेलचं वेगळं आहे, १२ डिसेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तिथे तुम्ही नुसती बाटली विकत घेत नाही, बसायची जागा, वाढणं, एसी सगळं घेता, त्यामुळे एमआरपीचं बंधन नाही. निकाल मला स्वतःला फारसा पटलेला नाही पण तो निकाल आहे. मेन्यू कार्डावर दर आधी बघा, आणि साधं पाणी मागा. एकाच बाटलीवर मॉलसाठी वेगळी आणि दुकानासाठी वेगळी एमआरपी छापणं मात्र १ जानेवारी २०१८ पासून बंद आहे.

प्रश्न : आमच्या जत्रेत गोबी मंच्युरियनच्या गाड्या बंद केल्या. चायनीजवाले पोरगे बेकार झाले. रंग तर मिठाईतही असतो, मग फुलकोबीवरच राग का? (म्हापसा, गोवा)

उत्तर : राग फुलकोबीवर नाही हो. म्हापसा नगरपालिकेने २०२४ च्या सुरुवातीला बंदी घातली ती रंग आणि अस्वच्छता दोन्हींमुळे, आणि त्याच मार्चमध्ये कर्नाटकनेही गोबीत कृत्रिम रंग घालायला मनाई केली, तिथल्या तपासणीत म्हातारीच्या केसांत रोडामाइन-बी सापडलं होतं. ते कापड रंगवायचं द्रव्य, खाण्याच्या यादीत कुठेच नाही.

भारतात खाण्यात चालणारे कृत्रिम रंग आठच. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पाँसो ४आर, एरिथ्रोसिन हे पिवळे-लाल, इंडिगो कार्मिन आणि ब्रिलियंट ब्लू हे निळे, आणि फास्ट ग्रीन. तेही सगळ्यात नाही, मिठाई, बिस्किट, आइस्क्रीम, शरबत अशा यादीतल्या पदार्थांत, आणि साधारण किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंत. १०० मिलिग्रॅम म्हणजे किती, तर नखाच्या टोकावर राहील एवढं. गाडीवरचा पोरगा चमच्याने घालतो आणि डबीवर ना नाव ना नंबर. म्हणून मिठाईतला रंग आणि गाडीवरचा रंग एका मापाने मोजता येत नाही, अर्थात मिठाईवालेही काही सगळे मोजून घालत नाहीत.

सरसकट बंदी मला आवडत नाही. रंग न घालता, काश्मिरी मिरचीवर गोबी करता येते, फिकी दिसते एवढंच. पालिकेने तसं करणाऱ्याला जागा द्यायला हवी होती.

प्रश्न : सीलबंद चॉकलेटमध्ये अळी निघाली. दुकानदार कानावर हात ठेवतो, कंपनीचा माणूस येऊन 'पाकीट द्या, तपासून सांगतो' म्हणतो, वर गिफ्ट हॅम्पर देऊ करतोय. काय करू? (कोल्हापूर)

उत्तर : पाकीट देऊ नका! तुमच्या हातात तेवढाच पुरावा आहे. फोटो द्या, बॅच नंबर द्या, वस्तू नाही. अळीसकट चॉकलेट डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा, बॅच नंबर आणि तारीख असलेला वेष्टनाचा तुकडा फाडू नका, बिल नसेल तर यूपीआयचा मेसेज तरी जपा, तेवढ्यानेही खरेदीची तारीख दिसते.

मग अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार, टोल फ्री १८००-२२२-३६५, किंवा एफएसएसएआयचं फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅप. तुमचं उघडलेलं चॉकलेट हा कायदेशीर नमुना होत नाही हे आधीच समजून घ्या म्हणजे नंतर चिडचिड नको. अधिकारी त्याच बॅचचा बंद माल दुकानातून उचलतो, त्याचे चार भाग करतो, एक विश्लेषकाकडे जातो आणि त्याने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. म्हणून तक्रार लवकर करा, बॅच संपली की गेलं. स्वतः तपासून घ्यायचं असेल तर अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४० आहे, फी भरून सरकारी विश्लेषकाकडून कुणीही गिऱ्हाईक तपासून घेऊ शकतं आणि माल खराब निघाला तर फी परत मिळते, पण अट अशी की विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं 'मी हे तपासायला नेतोय', म्हणजे दुसरं चॉकलेट त्याच बॅचचं घ्यावं लागेल.

दुकानदार सुटतोच असं नाही. मुदत संपलेला माल विकला, घाणीत ठेवला किंवा कुठून घेतला ते सांगता आलं नाही तर कलम २७ प्रमाणे तोही जबाबदार. अन्नात बाहेरची वस्तू निघाली तर एक लाखापर्यंत दंड आहे, तो सरकारजमा होतो. अपाय झाला असेल तर कलम ६५ खाली भरपाई आहे. नुसता मनस्ताप झाला असेल तर ग्राहक आयोगात जा, दोन वर्षांच्या आत, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. हॅम्पर घेऊन सही करायला सांगतील त्या कागदावर 'तक्रार मिटली' लिहिलेलं असतं.

प्रश्न : पेढे घेताना खोक्यासकट वजन करतात. आणि सुट्या मिठाईला तारीख असते का? (दोन-तीन वाचक)

उत्तर : खोकं पेढ्याच्या भावात विकता येत नाही, वजन निव्वळ मालाचंच. काटा आधी रिकामा खोका ठेवून शून्यावर आणायला सांगा, नाही म्हणाला तर वैधमापनला कळवा. सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'अमुक तारखेपर्यंत खावं' अशी पाटी १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीची आहे, बनवल्याची तारीख ऐच्छिक. आणि त्या खोक्यावर गुंडाळतात ती पातळ प्लॅस्टिकची फिल्म, ती १ जुलै २०२२ पासून देशभर बंद यादीत आहे, दिवाळीला दुकानात गेलात की बघा किती खोकी तशीच चमकतात.